दरपत्रक

मखमलाबाद नाक्यावर माझं दुकान. खुर्च्या दोन,
एकीचा पंप गेलाय, वर चढली की खाली येत नाही.
दुसरीवर रोहिदास बेंडकोळी बसतो,
मंगळवारी रात्री नवाला, गिऱ्हाईक पांगल्यावर.
तोच तो, टीव्हीवरचा, डाव्या कोपऱ्यातला,
त्यानं घोटा धरला की चढाईवाला
मध्यरेषेकडं नुसता हात लांबवत राहतो.

मी शटर अर्ध्यावर ओढतो.
तो डोळे मिटतो, मान माझ्या हातात टाकतो,
झोपलेल्या पोराची असते तेवढी जड.

शटरखाली चपला दिसतात. सहा. मग चौदा.
एकजण वाकून आत बोलतो,
"एकच सेल्फी, काका. आम्ही बघतो म्हणून तर तो आहे!"
सूर उधारी वसूल करायला आल्याचा.

वस्तरा थांबवला नाही. पण डोक्यात बाप उभा राहिला.

बाप दिंडोरीकडं बलुतं करायचा.
सुगीला खळ्यावर पडेल त्या सुपभर बाजरीत
अख्खा बाप वर्षभरासाठी विकलेला.
भरल्या ताटावरून उठवायचे, तापातून उठवायचे,
कुणाचं जावळ, कुणाची दाढी,
"धान्य घेतोस ना?" म्हटलं की संपलं.
नाशकाला आला, आणि आधी काय केलं
तर रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली :
कटिंग आठ आणे. दाढी चार आणे. सोमवारी बंद.
पहिल्या सोमवारी, आई सांगायची,
दुपारी दोन तास उताणा झोपला,
आणि ती दर थोड्या वेळानं जाऊन श्वास बघून आली.

तिकीट म्हणजे बलुतं का रे?
शटरकडं बघून विचारणार होतो.
विचारलं नाही. त्यातले निम्मे माझेच गिऱ्हाईक.

आणि मी तरी कुठं सुटलोय.
दहाव्याला गोदेवर या म्हणाले
की सोमवार बघत नाही, पहाटे धोपटी उचलतो.
तो दर पाटीवर नाही.
म्हणजे असतं काहीतरी पाटीबाहेरचं.
पण मेलेला माणूस शटरखालून वाकत नाही.

"किती आहेत?" रोहिदासनं डोळे न उघडता विचारलं.
"असतील वीसेक."
"गुडघ्यात पाणी झालंय, काका.
फोटोत सरळ उभं राहावं लागतं."

मागच्या दारानं काढला त्याला, पिठाच्या गिरणीतून.
जाताना भिंतीला धरत गेला, खांद्याला पीठ लागलं,
आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

शटर वर केलं तेव्हा शिव्या मला बसल्या.
"माजलाय," कुणीतरी म्हणालं. मग गाड्या चालू झाल्या.
एक पोरगं राहिलं, आठ-नऊ वर्षांचं,
हातात काडेपेटी, रिकामी, उघडलेली.
मी झाडत होतो.
"काका, केस तरी द्या त्याचे."

केस खुर्चीभोवती पडलेले.
त्याच्या आधी रिक्षावाल्याचे पडले होते, त्याआधी
बँकेतल्या साहेबांचे, पांढरे. सगळे एकात एक.
ह्यातला कुठला त्याचा, मलाही सांगता आलं नसतं.
तरी सुपली मागं घेतली.
म्हटलं, सकाळी सहाला मैदानावर जा.
तिथं पडतो, उठतो, ओरडतो, ते बघ पोटभर.
हे नाही द्यायचं.

काडेपेटी मिटल्याचा आवाज झाला.
पोरगं गेलं. रस्त्यात एकदा वळून पाटी वाचली त्यानं,
की मला तसं वाटलं.

हे सगळं मोठ्या तोंडानं सांगतोय खरा.
गल्ल्यात, आरशाच्या कप्प्यात, शंभराची एक नोट आहे,
त्यानं गेल्या आखाडात दिलेली.
बायकोनं दोनदा विचारलं, मोडत का नाही.